तंबाखू, प्रकाश आणि माझी सात पोती

सुरुवातीलाच सांगतो, हा लेख तंबाखूच्या बाजूने नाही. रात्री बारानंतर गॅलरीत जमणाऱ्या मंडळींनी उगाच खूश होऊ नये! पण माझं आजोळ निपाणीकडचं. बिडीच्या तंबाखूवर तिथली घरं चालली. आजोबा पान चुरगळून नाकाशी धरत, वखारीतला व्यापारीही तेच करी. फरक एवढाच, की भाव व्यापारी ठरवी. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं, तेही भावासाठीच. म्हणून प्रोजेक्टला विषय घेतला, पानाची प्रत यंत्राने मोजता येईल का?

निअर इन्फ्रारेड म्हणजे साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तो पानाच्या भुकटीवर टाकायचा आणि परत किती आला ते मोजायचं. ओ-एच, एन-एच, सी-एच हे बंध ठराविक तरंगलांबी शोषतात. इथे दिसतात ते मूळ कंपनांचे ओव्हरटोन, म्हणून फिकट आणि एकमेकांत मिसळलेले. पाण्याचे मात्र १४५० आणि १९४० च्या आसपास ठळक डोंगर. साखर, निकोटिन वगैरेंच्या टेकड्या त्यांच्या आडोशाला. गंमत म्हणजे निकोटिनच्या रेणूत दोन नायट्रोजन असूनही एन-एच बंध एकही नाही. व्हायवाला मी नेमकं उलटं ठोकून दिलं होतं.

त्यामुळे नुसता आलेख बघून काही कळत नाही. आधी काही नमुन्यांचं निकोटिन नेहमीच्या रासायनिक पद्धतीने काढायचं, मग 'पार्शल लीस्ट स्क्वेअर्स' वापरून आलेख आणि आकडा यांचं नातं बसवायचं. पुढच्या नमुन्याला ना ॲसिड, ना सॉल्व्हंट, मिनिटभरात उत्तर. आपण दिलेले आकडे चुकीचे असतील, तर यंत्रही इमानदारीत चुकतं.

आता माझी करामत ऐका. आजोळहून सात पोत्यांतला तंबाखू आणला. सात नमुने फारच कमी दिसतात, म्हणून प्रत्येक पोत्यातून सहा-सहा चमचे काढले. झाले बेचाळीस! चिठ्ठ्या टाकून काही मॉडेलला दिले, काही तपासणीला ठेवले. आर-स्क्वेअर एकाच्या अगदी जवळ आला. त्या रात्री पार्टनरला मेसबाहेर जेवण दिलं.

सर शांतपणे म्हणाले, "अरे, तपासणीतली पोती त्याने आधीच पाहिलीत. पेपर फुटल्यावर कोणीही पास होतो."

मग एक अख्खं पोतं बाजूला ठेवायचं, उरलेल्या सहांवर मॉडेल बांधायचं, असं पाळीपाळीने सातही. आकडा धाडकन कोसळला. शिवाय काही डबे पावसाळ्यात उघडे राहिले होते. मॉडेलने निकोटिनऐवजी ओलावाच पाठ केला होता! सगळी भुकटी ओव्हनमध्ये सुकवून, एकाच चाळणीने चाळून पुन्हा मोजली. सुधारणा झाली, पण शेजारच्या दोन प्रती वेगळ्या ओळखता येतील इतकी नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. या मॉडेलवर कुणाच्या मालाचा भाव ठरला असता तर, या विचाराने पोटात गोळाच आला.

आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "सात पोत्यांत काय कळतंय रं? सगळ्या गावातनं आण की!"

पुढच्या बॅचमध्ये कुणाला हा विषय घ्यायचा असेल, तर डबे आणि आकड्यांची वही माझ्या रूमवर आहे. नमुने मात्र वेगवेगळ्या शेतांतले, आणि दोन हंगामांचे आणा.