कोलारचा शिस्ट पट्टा: घडीवर घडी कशी वाचायची?

घडीची पोळी आठवा. लाटलेल्या पारीला तेल लावून ती दुमडायची, पुन्हा तेल लावून दुमडायची. आता न लाटताच ती घडी उघडून पाहिली, तर पहिल्या घडीची कड दुसऱ्या घडीने स्वतःच दुमडलेली दिसेल. म्हणजे कुठली घडी आधीची, हे लाटणाऱ्याला न विचारताही सांगता येते. जे दुमडले गेले ते आधीचे, ज्याने दुमडले ते नंतरचे. खडकांच्या विरूपणाचा इतिहास लावताना भूवैज्ञानिक हेच सूत्र वापरतात.

याचे सुरेख उदाहरण म्हणजे कर्नाटकातला कोलारचा शिस्ट पट्टा. उत्तर-दक्षिण सुमारे ८० किमी लांब, रुंदीला मात्र जेमतेम ३ ते ६ किमी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटसारखे नाईस खडक आणि मध्ये काळपट ॲम्फिबोलाइट. हा ॲम्फिबोलाइट मूळचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाच. पण आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, आणि कोलारचा सुमारे २७० कोटी! काही ठिकाणी त्यात उशांसारखे गोलसर आकार अजून ओळखू येतात. लाव्हा पाण्याखाली ओतला गेला की असे आकार होतात.

पुढे हा पट्टा पूर्व-पश्चिम दिशेने दाबला गेला. थर इतके घट्ट दुमडले की घडीच्या दोन्ही बाजू समांतर झाल्या. त्याच वेळी दाब आणि उष्णतेमुळे नवी खनिजे एका दिशेत रांगेने वाढली आणि खडकाला पापुद्रे सुटले. शिस्ट म्हणतात तो अशा पापुद्र्यांच्या खडकाला. नंतरच्या घड्यांनी थरांबरोबर हे पापुद्रेही वाकवले. दुसऱ्या घड्या नंतरच्या आहेत, याचा पुरावा हाच! इथे पोळीची उपमा थोडी लंगडी पडते. पोळीची दुसरी घडी आपण आडवी घालतो. कोलारात पहिल्या दोन्ही घड्या एकाच, उत्तर-दक्षिण दिशेच्या आहेत. सर्वांत शेवटी उत्तर-दक्षिण दाबाने काही सौम्य, आडव्या घड्या पडल्या.

हे समजले नाही तर मोजणी पार चुकते. पट्टा आडवा चालत जाताना लोहमय क्वार्ट्झाइटचा पट्टा पुन्हा पुन्हा भेटला, तर ते वेगवेगळे थर असतीलच असे नाही. एकच थर दुमडून परत वर आलेला असू शकतो. प्रत्येक वेळी नवा थर मोजला, की जाडी काहीच्या बाही फुगते.

खाणीत तर ही चूक आणखी महाग पडे. कोलारचे सोने क्वार्ट्झच्या शिरांत होते आणि काही ठिकाणी या शिरा घड्यांमध्ये सापडलेल्या होत्या. मोडाची रेषा जमिनीत कुठे कलते हे कळले, तर शीर पुढे कुठे शोधायची याचा अंदाज येई. चॅम्पियन रीफ खाणीच्या एका भागाचे नावच 'नॉर्दर्न फोल्ड्स' होते. पण त्याच भागात 'रॉक बर्स्ट'ही फार होत. म्हणजे ताणाखालचा खडक अचानक फुटून बोगद्यात उडतो. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या या खाणींत अशा स्फोटांनी कितीतरी कामगारांचे जीव घेतले. २००१ साली खाणी बंद झाल्या.

एवढा दाब आला कुठून? पट्ट्याच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे नाईस खडक वेगळ्या वयाचे व वेगळ्या घडणीचे निघाले. त्यावरून काही भूवैज्ञानिक म्हणतात, की दोन वेगळे भूखंड इथे येऊन भिडले आणि मधला लाव्हा चिरडला गेला. दुसरा एक पक्ष अशा पट्ट्यांबद्दल म्हणतो, की जड लाव्हा खालच्या हलक्या, तापून मऊ झालेल्या खडकात बुडाला आणि बुडतानाच दुमडला. कोलारपुरते मला पहिले म्हणणे अधिक पटते, कारण नुसत्या बुडण्याने दोन्ही काठ इतके वेगळे का, याचा उलगडा होत नाही.

तुमच्यापैकी जे कॅनडात आहेत त्यांना ॲबिटिबी, ऑस्ट्रेलियात आहेत त्यांना कॅलगुर्ली आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत त्यांना बार्बर्टन इथे याच जातीचे पट्टे पाहता येतील. गेलात तर खडकाची उघडी कड शोधा, आणि आधी पापुद्रे वाकलेत का ते बघा.