'जनमत शांततेच्या बाजूने होते' : एका वाक्याचा अभ्यास

दुसऱ्या महायुद्धाच्या कारणांची चर्चा करताना इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत एक वाक्य हमखास आढळते. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी हिटलरच्या बाबतीत अनुनयाचे धोरण का स्वीकारले, याची चार-पाच कारणे दिलेली असतात. त्यांत एक कारण असे असते की, 'त्या वेळी ब्रिटनमधील जनमत शांततेच्या बाजूने होते.' हे वाक्य खोटे नाही. परंतु ज्या साडेचार कोटींहून अधिक माणसांविषयी ते बोलते, ती माणसे मात्र त्या वाक्यात कोठेच दिसत नाहीत. ती घाबरली होती काय? त्यांचे आपसांत एकमत होते काय? शांतता हवी म्हणजे नेमके काय हवे, असे त्यांना वाटत होते?

प्रस्तुत लेखात सप्टेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या एका वर्षातील ब्रिटनच्या सामान्य माणसाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, युद्धाच्या उंबरठ्यावर समाजाची 'शूर' आणि 'भित्रे' अशी वाटणी झालेली नसते. भीती बहुतेकांची एकच असते. त्या एकाच भीतीतून माणसे उलटसुलट निष्कर्ष काढतात, आणि पुष्कळदा दोन्ही निष्कर्ष एकाच घरात, किंबहुना एकाच मनात, नांदत असतात.

एक आठवण, दोन निष्कर्ष

पहिले महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. त्या युद्धात ब्रिटनचे सुमारे सात लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. गावोगावी स्मृतिस्तंभ उभे होते आणि त्यांवरील नावे वाचणारे आईबाप, विधवा, भाऊ अजून हयात होते. त्यात विमानाच्या नव्या भीतीची भर पडली. बॉम्बफेकी विमानांना पूर्णपणे अडविणे शक्य नाही, असे स्टॅन्ले बाल्डविन यांनी १९३२ मध्ये पार्लमेंटात सांगितले होते. शहरावर बॉम्ब पडल्यावर काय होते, हे १९३६ च्या 'थिंग्ज टु कम' या चित्रपटात लोकांनी पडद्यावर पाहिले, आणि एप्रिल १९३७ मध्ये स्पेनमधील गेर्निका गावाच्या बातमीत ते प्रत्यक्ष घडलेले वाचले.

या भीतीतून एक विचार असा निघाला की, काही झाले तरी पुन्हा युद्ध नको. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी वादसभेने, कोणत्याही परिस्थितीत आपण राजासाठी व देशासाठी लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. त्याच वर्षी विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने शांततेची खूण म्हणून पांढऱ्या पॉपीची फुले विकण्यास सुरुवात केली. पुढे डिक शेपर्ड या धर्मोपदेशकाच्या आवाहनातून 'पीस प्लेज युनियन' ही शांततावादी संघटना उभी राहिली.

दुसरा विचार असा की, युद्ध नको म्हणूनच आक्रमकाला वेळीच रोखले पाहिजे. १९३४-३५ मध्ये घरोघर जाऊन घेतलेल्या 'पीस बॅलट' नावाच्या मतचाचणीत १ कोटी १५ लाखांच्या आसपास लोकांनी भाग घेतला. आक्रमक राष्ट्रावर आर्थिक निर्बंध घालावेत, असे १ कोटीहून अधिक लोकांनी सांगितले. गरज पडल्यास शस्त्रबळ वापरून त्याला थांबवावे काय, या प्रश्नाला मात्र सुमारे ६८ लाखांनी होकार दिला, साडेतेवीस लाखांनी नकार दिला आणि जवळजवळ तितक्याच लोकांनी निश्चित उत्तर दिले नाही. 'जनमत शांततेच्या बाजूने होते' या वाक्याचा पुरावा म्हणून याच मतचाचणीकडे बोट दाखविले जाते. वास्तविक, शांततेच्या नावाने घेतलेल्या या चाचणीत निम्म्याहून अधिक लोकांनी प्रसंगी लढण्यास संमती दिली होती, आणि सुमारे तेवीस लाख माणसांना काय म्हणावे हेच उमजत नव्हते.

१९३८ चा सप्टेंबर

चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटन प्रदेशावरून सप्टेंबर १९३८ मध्ये युद्ध दाराशी आले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये चर खणले गेले. गॅसमास्कचे वाटप झाले; त्यांची संख्या सुमारे ३ कोटी ८० लाखांपर्यंत गेली. शाळेच्या वर्गात किंवा सभागृहात रांगेत उभे राहून माणसे रबरी मास्क चेहऱ्यावर चढवून पाहत होती. पण तान्ह्या मुलांसाठीचे मास्क तेव्हा तयार नव्हते. आईला मास्क मिळाला आणि मांडीवरच्या बाळाला नाही! त्या आठवड्यात अशा किती आयांच्या मनात काय आले असेल, ते 'जनमत' या शब्दात मावणारे नाही.

अशा वेळी ३० सप्टेंबरला चेंबरलेन म्युनिकहून करार घेऊन परतले. लोकांनी रस्त्यांवर गर्दी करून जयजयकार केला, राजवाड्याच्या सज्जात राजाराणीसह त्यांचे दर्शन घेतले, हजारो पत्रे व भेटवस्तू पाठविल्या. पुढे युद्ध झालेच, तेव्हा ही गर्दी भोळी ठरली. परंतु त्याच शरद ऋतूतील लोकमत-चाचणीत, आता आपल्याला अधिक प्रदेश नको, या हिटलरच्या म्हणण्यावर विश्वास आहे काय, असे विचारले असता फार मोठ्या बहुसंख्येने नकारार्थी उत्तर दिले. म्हणजे जयजयकार करणारी माणसे फसलेली नव्हती. आजचे मरण उद्यावर गेले, एवढाच त्यांचा आनंद होता. सुटकेचा आनंद आणि धोरणाला पाठिंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरून पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात.

मतपेटीतील मतभेद

करारानंतर तीन महिन्यांत झालेल्या तीन पोटनिवडणुका या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ऑक्टोबरात ऑक्सफर्ड येथे सरकारी पक्षाच्या क्विंटिन हॉग यांच्याविरुद्ध बॅलिओल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे हे म्युनिकविरोधी उमेदवार म्हणून उभे राहिले. मजूर व लिबरल पक्षांनी आपले उमेदवार मागे घेतले. हॉग निवडून आले, पण मताधिक्य घटले. एडवर्ड हीथ नावाचा एक विद्यार्थी स्वतः हुजूर पक्षाचा असूनही लिंडसे यांच्या प्रचारात उतरला होता. हाच विद्यार्थी १९७० मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. नोव्हेंबरात ब्रिजवॉटर येथे व्हर्नन बार्टलेट हे पत्रकार म्युनिकच्या विरोधात उभे राहिले आणि सरकारी पक्षाची जागा त्यांनी जिंकली. उलट, डिसेंबरात स्कॉटलंडमधील किनरॉस येथे डचेस ऑफ अॅथॉल यांनी सरकारच्या धोरणाला विरोध म्हणून जागा सोडून पुन्हा कौल मागितला, तेव्हा मतदारांनी त्यांना नाकारले.

एका ठिकाणी सरकारचा घटलेल्या मताधिक्याने विजय, दुसऱ्या ठिकाणी पराभव, तिसऱ्या ठिकाणी पुन्हा विजय. देश एका सुरात बोलत होता, असे यावरून म्हणता येत नाही.

शिवाय पक्षांच्या चौकटीही मोडत होत्या. मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्राग घेतल्यावर जनमत झपाट्याने पालटले. एप्रिलमध्ये सरकारने वीस-एकवीस वर्षांच्या तरुणांना सक्तीच्या लष्करी शिक्षणासाठी बोलावण्याचे ठरविले, तेव्हा हिटलरला कणखरपणे तोंड द्या म्हणून मागणी करणाऱ्या मजूर पक्षानेच त्याला विरोध केला. आज तरुणाला सैन्यात नेतील, उद्या कामगारालाही हुकमाने राबवतील, ही कामगार संघटनांची भीती होती. ती जर्मन विमानाची भीती नव्हती, स्वतःच्या सरकारची आणि मालकाची होती. युद्धाच्या तोंडावर माणूस केवळ शत्रूलाच भितो असे नाही.

घरातला वाद

हे सारे आपल्याला कळते कसे? १९३७ मध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी 'मास ऑब्झर्वेशन' नावाचा उपक्रम सुरू केला. आपल्याच देशातील सामान्य लोकांचे निरीक्षण करावे, ती माणसे दारूच्या गुत्त्यात, चर्चमध्ये, बाजारात काय बोलतात ते टिपावे, असा त्यांचा हेतू होता. बोल्टन या गिरणगावात त्यांनी बराच काळ काम केले. ऑगस्ट १९३९ पासून शेकडो स्वयंसेवकांनी रोजनिशी लिहून पाठविण्यास सुरुवात केली. हे कागद आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

युद्धाच्या पूर्वसंध्येचा सर्वांत अवघड प्रश्न राजकारणाचा नव्हताच; तो मुलांचा होता. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना मोठ्या शहरांतून खेड्यांकडे हलविण्यात आले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅसमास्कची पेटी. आणि मूल कोणत्या गावी उतरले, हे त्याचे पत्र येईपर्यंत आईबापांना ठाऊक नसे. ज्यांच्या घरी एकच मूल ठेवले त्यांना सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देत असे. मुलाला पाठविणे सक्तीचे नव्हते. इंग्लंडमधील ज्या शहरांना हा इशारा होता, तेथील निम्म्याहून कमी शाळकरी मुले प्रत्यक्ष गेली. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांनी, मरायचे तर सगळे एकत्र मरू, किंवा परक्याच्या दारात आपले लेकरू नको, असा काहीसा निर्णय घेतला. पाठविणाऱ्या आईचे प्रेम अधिक की ठेवून घेणारीचे, असा निवाडा कोण देणार? जानेवारी १९४० पर्यंत या शहरांवर बॉम्ब पडले नाहीत, आणि गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परतही आले.

त्याच आठवड्यात एक शोकपर्व घडले, त्याची इतिहासात फारशी नोंद नाही. बॉम्बवर्षावात व टंचाईत पाळीव जनावरांचे हाल होतील म्हणून लोकांनी आपली कुत्री-मांजरे मारून घेतली. एकट्या लंडनमध्ये ही संख्या चार लाखांच्या घरात होती, असे सांगितले जाते. कोणी तशी सक्ती केलेली नव्हती. भीती माणसाकडून काय करवून घेते, याचे याहून बोलके उदाहरण मला आढळले नाही.

३ सप्टेंबरला सव्वाअकरा वाजता चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध पुकारल्याचे सांगितले आणि काही मिनिटांतच लंडनमध्ये धोक्याचे भोंगे वाजले. तो इशारा चुकीचा निघाला. पहिल्या साठ दिवसांत सहा लाख लोक मरतील, असा सरकारी समितीचा अंदाज होता. प्रत्यक्षात संपूर्ण युद्धात ब्रिटनचे सुमारे साठ हजार नागरिक बॉम्बहल्ल्यांत मरण पावले, आणि विषारी वायू त्यांच्या शहरांवर कधीच सोडला गेला नाही. ऑक्सफर्डचे विद्यार्थी मोठ्या संख्येने सैन्यात दाखल झाले. तरीही सुमारे साठ हजार माणसांनी, सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लढण्यास नकार देत असल्याची नोंद केली. त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी न्यायमंडळे होती. मतभेद शेवटपर्यंत मिटला नाही. त्याला बसायला जागा मात्र दिली गेली.

ज्यांना कोणी विचारले नाही

मास ऑब्झर्वेशनला रोजनिशी पाठविणारे बहुतेक जण शिकलेले, मध्यम वर्गातले होते. ज्यांना लिहिण्याची सवय नव्हती, त्यांचे बोलणे दुसऱ्याच कोणीतरी टिपले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही; म्हणून ही उणीव मला विशेष जाणवली. ज्याच्या हाती लेखणी नाही, त्याची भीती इतिहासात 'जनमत' या एका शब्दापुरतीच उरते.

आपल्या देशात तर तेवढेही झाले नाही. त्याच ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना किंवा कायदेमंडळाला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. याच्या निषेधार्थ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी, मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह, राजीनामे दिले. नेत्यांचे म्हणणे ठरावांत नोंदले गेले. पण पुढे या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक उतरले. त्यांत सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडील कितीतरी खेड्यांतील मुले होती. मुलगा भरती झाला त्या रात्री त्या घरात काय बोलणे झाले, बाप हो म्हणाला आणि आई नाही म्हणाली काय, कर्ज होते म्हणून गेला की हौसेने गेला, हे टिपण्यासाठी आपल्याकडे बोल्टनसारखे कोणी वही घेऊन बसले नव्हते.

म्हणून माझी आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाला एक सूचना आहे. १९३९ ची माणसे आता जवळजवळ उरली नाहीत. परंतु १९६५ आणि १९७१ ची आहेत. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआऊट होता. खिडक्यांना काळे कागद चिकटविलेले ज्यांनी पाहिले, ज्यांच्या घरचे कोणी सीमेवर होते, अशी आजी-आजोबांच्या वयाची माणसे आपल्या गावांत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने एका माणसाला तीन प्रश्न विचारावेत : तेव्हा कशाची भीती वाटत होती? घरात कोणाचे म्हणणे काय होते? आणि तुम्हाला तेव्हा कोणी विचारले होते काय? उत्तरे त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी, सुधारणा न करता लिहावीत. असे पन्नास कागद जमले, तरी मंडळाच्या कपाटात ते ठेवण्यासारखे होतील.