कोंडलेल्या कोंबड्यांना काम द्या

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, पुष्कळ घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. दिवसभर वाडीत चरावे आणि सायंकाळी खुराड्यात शिरावे, हा त्यांचा नित्यक्रम होय. परंतु वर्षातील काही काळ त्यांना कोंडून ठेवणे भाग पडते. भाताचा राब पेरला म्हणजे कोंबड्या त्यातील बियाणे उकरून टाकतात. पावसाची झड लागली म्हणजे त्या बाहेर पडू शकत नाहीत. मुंगूस व रानमांजर यांचे भय तर बारमाही असते. या कारणांत रोगाच्या साथीचीही भर पडली आहे. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव आढळला आणि लागण झालेल्या ठिकाणाभोवतालच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा साथीत कोंबड्या वन्य पक्ष्यांपासून दूर, बंद जागेत ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

तथापि कोंडलेल्या कोंबड्यांच्या बाबतीत एक निराळीच अडचण उद्भवते. थोड्याच दिवसांत त्या एकमेकींच्या शेपटीची पिसे उपटू लागतात. रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथेच चोची मारतात आणि एखादी दुबळी कोंबडी त्यात दगावते. काही कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागते. अंड्यांचे जे चार पैसे गृहिणीच्या हाती यावयाचे, ते येत नाहीत. आणि जात वाईट निघाली किंवा दाणा कमी पडला, असा समज होतो. पुष्कळदा दाणा पुरेसा असतो. उणीव असते ती कामाची.

असे का होते?

पाळीव कोंबडीचा मूळ वंश तांबड्या रानकोंबडीचा. जमीन उकरणे व टिपणे हा तिचा दिवसभराचा उद्योग होय. इंग्लंडमधील एका प्राणिसंग्रहालयात मोकळ्या ठेवलेल्या रानकोंबड्यांचे निरीक्षण १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यांना नियमित खाद्य मिळत होते. तरीही जागेपणाच्या सुमारे साठ टक्के मिनिटांत त्या जमीन टिपताना आढळल्या. पोट भरले तरी चोचीची ओढ थांबत नाही, हे यावरून दिसते. भांड्यातील दाणा कोंबडी थोड्या वेळात संपविते. उरलेल्या वेळात चोचीला माती मिळाली नाही, तर ती शेजारणीच्या पिसांकडे वळते. गर्दी, उष्मा, प्रखर उजेड, उवा-गोचिडांचा उपद्रव आणि खाद्यातील प्रथिनांची उणीव यांनी ही खोड अधिक वाढते.

काय करावे?

१. गादी : खुराड्याच्या कोरड्या जमिनीवर भाताच्या तुसाचा ४ ते ६ इंच जाडीचा थर द्यावा. प्रत्येक मोठ्या कोंबडीस किमान ३ ते ४ चौरस फूट जागा असावी.

२. विखरून दाणा : रोजच्या खाद्याचा सुमारे चौथा हिस्सा भांड्यात न घालता भाताची कणी किंवा भरडलेला मका या रूपाने दुपारी व सायंकाळी तुसात विखरावा. कोंबड्या तो उकरून शोधतात. त्यांचा वेळ जातो, आणि तूस वरखाली होऊन गादीही कोरडी राहते.

३. टांगलेला पाला : शेवग्याचा किंवा माठाचा पाला जुडी बांधून कोंबडीच्या डोक्यापेक्षा किंचित उंच टांगावा. तो टिपण्यासाठी मान उंच करावी लागते. जुडी सुंभाने बांधावी. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा वापरू नये. तो पायात गुंततो व पोटातही जातो.

४. धूळस्नान : कोंबडी साधारणपणे दिवसाआड धुळीत लोळते व अंगावरील उवा झाडते. दोन फूट लांब-रुंद खोक्यात कोरडी माती, चुलीची राख व ओढ्याची वाळू भरून ठेवावी. समुद्राची खारी वाळू ओलावा धरते, म्हणून ती टाळावी.

५. दांड्या : बांबूच्या दांड्या दोन निरनिराळ्या उंचींवर बसवाव्यात. दर कोंबडीस ६ ते ८ इंच लांबी पुरते. दुबळ्या कोंबडीस त्यावर आश्रय मिळतो.

६. शिंपल्यांचा चुरा : तिसऱ्या व कालवांचे शिंपले स्वच्छ धुऊन कुटावेत आणि वेगळ्या भांड्यात ठेवावेत. अंड्याचे कवच त्याने कणखर होते व फुटक्या अंड्यांमुळे लागणारी खोड टळते.

काय टाळावे?

खारवलेली मासळी कोंबड्यांना घालू नये. मीठ अधिक झाल्यास विषबाधा होते. मीठ न लावता वाळवलेला जवळा थोडासा चालतो. दमट हवेत मका व पेंड यांना बुरशी धरते. असे खाद्य, कितीही थोडे असले तरी, फेकून द्यावे. गादीतील मूठभर तूस दाबल्यावर गोळा झाला किंवा नाकाला उग्र वास आला, तर ओला भाग काढून कोरडे तूस घालावे. साथीच्या काळात बाहेर पडलेला पेंढा, तलावाकाठचा पाला किंवा पाणपक्ष्यांची विष्ठा लागलेली कोणतीही वस्तू आत आणू नये. खुराड्यासाठी वेगळी पादत्राणे ठेवावीत. जखमी कोंबडी तत्काळ निराळी करावी. अनेक कोंबड्या एकाएकी मेल्यास त्या खाडीत किंवा उकिरड्यावर न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावातील एका घरी याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. प्रथम सात दिवस नेहमीच्याच रीतीने कोंबड्या ठेवून रोजची अंडी, फुटलेली अंडी व पिसे उपटलेल्या कोंबड्या यांची नोंद घरातील स्त्रीने करावी. नंतर वरील साधने देऊन आणखी चौदा दिवस तशीच नोंद ठेवावी. खाद्याचे वजन मात्र बदलू नये, म्हणजे फरक कशामुळे पडला ते स्पष्ट होईल. दुपारच्या वेळी अर्धा तास शांत बसून किती कोंबड्या उकरीत आहेत व किती नुसत्या उभ्या आहेत, हेही मोजावे. ही वही शेजारच्या घरांना दाखवावी.

या साधनांपैकी बहुतेक वस्तू घरी अथवा वाडीतच मिळतात. राब पेरण्यापूर्वीच तूस भरून ठेवले आणि राखेचे खोके कोरड्या जागी हलविले, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर धावपळ होणार नाही.