बालवाडीचा पाठ : समुद्रातले प्राणी



गळीत हंगाम आटोपला, बिलं हातात पडली की आपल्याकडे बऱ्याच घरांतून गणपतीपुळे-रत्नागिरीची एक फेरी होते. पोरं पहिल्यांदाच समुद्र बघतात आणि वाळूवर जे दिसेल ते उचलतात. म्हणून या वेळी खत-बेणे बाजूला ठेवून, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना समुद्रातले प्राणी ओळखायला कसे शिकवावे, याबद्दल लिहीत आहोत.

बालवाडीच्या भिंतीवर तक्ता असतो. मूल बोट ठेवून देवमासा, तारामासा, ऑक्टोपस अशी नावे घडाघडा म्हणते आणि आपण खूष होतो. पण तक्त्यावर देवमासाही वीतभर आणि बांगडाही वीतभर. मुलाच्या डोक्यात दोन्ही तेवढेच राहतात. याला ओळख म्हणता येणार नाही.

आमच्या मते तक्ता शेवटी काढावा. आधी ओढा आणि आठवड्याचा बाजार. ओढ्यातला खेकडा आपल्या पोरांना नवा नाही. त्याच्या दोन नांग्या आणि आठ पाय मोजायला लावा, समुद्रातल्या खेकड्याचेही तितकेच असतात असे सांगा. बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून दाखवा, पर दाखवा. माळकरी घरात मासा चालत नाही हे आम्ही जाणतो. पण लांबून बघायला हरकत नसावी! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला समुद्रकाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेही महागड्या साधनांवाचून, भोवताली सापडणाऱ्या वस्तूंवरच.

देवमाशापाशी मोठी माणसंही फसतात. नावात मासा आहे, पण तो मासा नव्हे. म्हैस रेडकाला पाजते तसा तो पिलाला दूध पाजतो आणि श्वास घ्यायला पाण्यावर येतो. खूण शेपटीची : माशाची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची आडवी असते व वर-खाली हलते. तळहात उभा-आडवा धरून हे करून दाखवा, पोरं तासभर तोच खेळ खेळतील. रत्नागिरीला कोकण कृषि विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्याजवळ मुलाला उभे करा, म्हणजे वीतभर देवमासा डोक्यातून जाईल.

कासवाचेही तसेच. आपल्या विहिरीतल्या कासवाला नखांचे पाय, समुद्रातल्याला वल्ह्यासारखे. मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ती चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती राखली. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे पिल्ले समुद्राकडे सरपटत जाताना बघायला मिळतात.

आता ज्याच्यासाठी हा पाठ घेतला ते. जेलीफिश वाळूवर पडलेली असली की प्लास्टिकच्या पिशवीसारखी किंवा खरवसाच्या वडीसारखी दिसते, आणि पोर हमखास हात लावते. मेलेली वाटली तरी ती डंख करते. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला जेलीफिश आणि पाकट यांनी अनेक भाविकांना दंश केला होता. पाकट हा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतो, त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. म्हणून पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायला मुलांना अंगणातच शिकवावे. पायाची चाहूल लागली की तो सरकून जातो.

जेलीफिशचा डंख झालाच तर जागा चोळू नये. वाळू लावू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि डॉक्टर गाठावा. पाकटाचा काटा लागला असेल तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवल्याने कळ कमी होते. काटा खोल रुतला असल्यास तो स्वतः न उपसता तडक दवाखान्यात जावे.