सूचिचिकित्सा : उपचार घेण्यापूर्वी

शरीरावरील ठराविक बिंदूंत बारीक सुया टोचून व्याधी शमविण्याच्या चिनी पद्धतीस सूचिचिकित्सा अथवा अ‍ॅक्युपंक्चर असे म्हणतात. गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा डोकेदुखी यांनी गांजलेले अनेक रुग्ण या उपचाराचा विचार करीत असतात. सुयांनी काय साधते, काय साधत नाही आणि त्या कोणाकडून टोचून घ्याव्यात, हे तीन प्रश्न त्यांनी प्रथम समजून घेणे हिताचे आहे.

चीनमध्ये ही पद्धती दोन हजार वर्षांपासून रूढ आहे. भारतात ती आली, त्याचा धागा जबलपूरकरांच्या परिचयाच्या एका नावापर्यंत पोहोचतो. जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास ज्यांचे नाव दिलेले आहे, ते नेताजी सुभाषचंद्र बोस १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या वर्षी जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक पाठविण्यात आले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे बिजयकुमार बसू हे होते. कोटणीस यांचा १९४२ मध्ये चीनमध्येच अंत झाला. बसू स्वदेशी परतले; पुढे पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ही विद्या आत्मसात केली आणि १९५९ मध्ये भारतात तिचा प्रारंभ केला. कोटणीस स्वतः शस्त्रवैद्य होते. सूचिचिकित्सेशी त्यांचे नाव जोडले गेले ते त्यांच्या स्मरणार्थ.

जुन्या चिनी कल्पनेनुसार ‘ची’ नावाची प्राणशक्ती देहातील ठराविक मार्गांनी वाहते. तिचा प्रवाह अडला की रोग होतो आणि सुईने तो मोकळा होतो. या मार्गांवरील परंपरागत बिंदू ३६१ मानले जातात. तथापि शरीररचनाशास्त्राला असे मार्ग आढळलेले नाहीत. आधुनिक शास्त्र सुईच्या परिणामाची उपपत्ती निराळ्या रीतीने लावते. सुई टोचली असता त्वचा व स्नायू यांतील मज्जातंतू उद्दीपित होतात, ते संदेश मज्जारज्जू व मेंदू यांकडे जातात आणि शरीरात एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात.

या उपचाराची कसोटी १९९० नंतरच्या काळात अनेकदा घेण्यात आली. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटास बिंदू सोडून अन्यत्र व वरवर टोचल्या. तिसऱ्या गटास औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील २७.४ टक्के रुग्णांस लक्षणीय आराम पडला होता. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सुया घेणाऱ्यांना आराम पडला, हे खरे. परंतु सुई नेमक्या बिंदूवर टोचली की अन्यत्र, याने फारसा फरक पडला नाही. या आरामात उपचारकाने दिलेला वेळ, विश्रांती आणि रुग्णाची अपेक्षा यांचा वाटा मोठा असावा. म्हणूनच शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेस मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशीच्या काही रुग्णांसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा बैठका सुचविल्या. त्याच संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी मात्र हा उपचार देऊ नये, असे सांगितले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. वेदना शमणे निराळे आणि वेदनेचे कारण दूर होणे निराळे. कंबरदुखीच्या मुळाशी मणक्याचा क्षय किंवा मूतखडाही असू शकतो. सुयांनी दुखणे काही काळ कमी भासले, तर मूळ रोग आत वाढत राहतो आणि उपचाराची वेळ निघून जाते. यास्तव आधी निदान, मग सुई, हा क्रम कधीही मोडू नये. कंबरदुखीबरोबर ताप येणे, वजन घटणे, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. छातीत कळ आल्यास थेट रुग्णालय गाठावे. सुया सुरू केल्या म्हणून इन्सुलिन, क्षयाची औषधे किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

प्रत्यक्ष उपचार साधा असतो. इंजेक्शनच्या सुईप्रमाणे ही सुई पोकळ नसते आणि तिच्याहून पुष्कळ बारीक असते. काही सुया टोचून बहुधा वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. त्या जागी जडपणा किंवा मुंग्या आल्याचा भास होतो. क्वचित चक्कर येते, थोडे रक्त येते किंवा काळानिळा डाग पडतो. छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसास इजा होण्याचा धोका असतो. असे क्वचित घडते, परंतु घडलेले आहे. एकाची सुई दुसऱ्यास वापरल्याने यकृतदाहाचा संसर्ग झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून सीलबंद, निर्जंतुक आणि एकदाच वापरण्याची सुई आपल्या डोळ्यांदेखत उघडली जावी, असा आग्रह धरावा. गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि हृदयात पेसमेकर असलेले रुग्ण यांनी तसे आधीच सांगावे. सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार पेसमेकर असलेल्यांनी टाळावा.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये सूचिचिकित्सेस उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने उपचारकांच्या नोंदणीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला; परंतु राज्याची सीमा ओलांडली की तो लागू होत नाही. तेव्हा जबलपूरच्या रुग्णाने उपचारकाचे शिक्षण कोठे व किती काळ झाले, तो नोंदणीकृत डॉक्टर आहे काय, हे स्वतः विचारून घ्यावे. किती बैठकांनंतर फळाचा विचार करावयाचा, हे आरंभीच ठरवावे आणि तोपर्यंत गुण न आल्यास थांबावे. सर्व रोग बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. कोणतेही प्रामाणिक शास्त्र अशी हमी देत नाही.