वात नाही, पंप नाही, तरी ज्योत फुटते कशी?

प्रश्न : कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात, एका ट्रेकरने घरी केलेला बोटभर उंचीचा स्टोव्ह पेटवला. थंड पेयाच्या डब्याचा! स्पिरिट ओतून काडी लावली आणि जरा वेळाने कडेच्या भोकांतून निळ्या ज्योती फुटल्या. पंप नाही, वात नाही. हे होते कसे? मला करता येईल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : आजीचा पितळी स्टोव्ह आठवा. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ व्हायची आणि ती वाफच जळायची. इथेही तेच घडते. स्पिरिट म्हणजे इथेनॉल. आपल्या प्रवरानगरसारख्या कारखान्यांत उसाच्या मळीपासून काढतात ते. ते ७८ अंशांनाच उकळते, म्हणून पंप लागत नाही.

दोन डब्यांची बुडे कापून एकमेकांत बसवतात. वरच्या बुडाचा मधला भाग काढतात आणि कडेला टाचणीने सोळा-वीस भोके पाडतात. आत पत्र्याच्याच पट्टीची गोल भिंत उभी करतात. तिच्या तळाला तीन खाचा ठेवतात. त्या खाचांतून स्पिरिट दोन भिंतींच्या मध्ये शिरते. मधली ज्योत हाच काकडा. तिने भिंत तापली की कोंडलेली वाफ भोकांतून जोराने बाहेर पडते आणि पेट घेते. ॲल्युमिनियमही वितळत नाही, कारण आतले उकळते स्पिरिट त्याला फार तापू देत नाही.

वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम. भांडे तारेच्या तिवईवर, ज्योतीपासून दोन बोटे वर ठेवावे आणि वाऱ्याला आडोसा करावा. पंधरा-वीस मिलिलिटर स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळते.

जरूर करून पाहा, पण घरच्या मोठ्यांना सोबत घेऊन. पत्र्याच्या कडा बोट कापतात. स्पिरिट विषारी असते. तंबूत तर स्टोव्ह पेटवूच नये. सर्वांत मोठा धोका असा, की उन्हात ही ज्योत दिसतच नाही. स्टोव्ह विझला समजून बाटलीने पुन्हा स्पिरिट ओतले, तर आग बाटलीत चढते. म्हणून स्टोव्ह हाताला गार लागेपर्यंत थांबा.

आणि तो डोंगरावर पेटवू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथे आग पेटवायला मनाई आहे. दिवाळीनंतर तिथले गवत वाळून पिवळे पडते, आणि न दिसणारी ज्योत त्याला लागली तर अख्खा डोंगरउतार जळेल. चहा बारीतच, घरधन्याला विचारून, मोकळ्या अंगणातल्या दगडावर करावा.