कृतज्ञता : मनाचे आरोग्य आणि माणसाचा स्वाभिमान

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहाराकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. पिंपरी, भोसरी, तळेगाव, चाकण परिसरातील कारखान्यांत राबणारे कामगार बायकामुलांसह येतात. १९५४ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची येथे प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. इतक्या वर्षांनंतरही लोक येतात, कारण आपल्यासाठी कोणी काय केले याची त्यांना जाण आहे. या जाणिवेलाच कृतज्ञता म्हणतात. तिचा आपल्या आरोग्याशी काय संबंध आहे आणि ती कोठे संपून लाचारी सुरू होते, हे या पाठात पाहू.

१. धम्मातील अर्थ

पालीत दोन शब्द जोडीने येतात. ‘कतञ्ञू’ म्हणजे केलेला उपकार जाणणारा आणि ‘कतवेदी’ म्हणजे ती जाण बोलण्या-वागण्यातून प्रकट करणारा. नुसते मनात ठेवणे पुरेसे नाही. अंगुत्तर निकायात भगवंतांनी दोन प्रकारची माणसे जगात दुर्मिळ असल्याचे सांगितले आहे : आपण होऊन प्रथम उपकार करणारा आणि तो जाणून व्यक्त करणारा. महामंगल सुत्तातील ३८ मंगलांमध्ये कृतज्ञतेची गणना आहे व ती संतोषाच्या शेजारी आहे.

परंतु धम्मातील कृतज्ञता एकतर्फी नाही. सिगालोवाद सुत्तात मालकाचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, विशेष पदार्थ त्याच्याबरोबर वाटून खावेत आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. कामगारानेही काम चोख करावे. याचा अर्थ, पगार आणि रजा ही मेहेरबानी नव्हे. कारखानदारी पट्ट्यात राहणाऱ्या आपण हे नीट लक्षात ठेवले पाहिजे.

२. बाबासाहेबांचे उदाहरण

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. पुढे १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा तेथे त्यांना अस्पृश्यतेचे चटके बसले. राहत्या पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. हा अपमान ते विसरले नाहीत, त्यांनी तो लिहून ठेवला. आणि तरीही ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. उपकाराची नोंद उपकाराच्या खात्यात आणि अन्यायाची नोंद अन्यायाच्या खात्यात! एकाने दुसरे पुसले गेले नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा विचार सांगून बजावले की, स्वाभिमान गमावून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही आणि स्वातंत्र्य गमावून कोणतेही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. कंत्राटी कामावरील तरुणाला ‘काम मिळाले हेच उपकार मान’ असे कोणी ऐकवले, तर त्याने हे भाषण आठवावे.

३. आरोग्याशी संबंध

आधुनिक मानसशास्त्रानेही या विषयाचा अभ्यास केला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलॉ यांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटेल अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, तर दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाने शारीरिक तक्रारी कमी सांगितल्या व व्यायामही जास्त केला. स्नायू व मज्जासंस्थेच्या विकाराच्या रुग्णांनी २१ दिवस अशी रोजनिशी लिहिली, तेव्हा त्यांची झोपही सुधारल्याचे आढळले.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस अंथरुणावर पडतो तेव्हा सुपरवायझरचे बोलणे, कर्जाचा हप्ता, घरभाडे हेच डोक्यात फिरत असते. मन धोक्यावरच खिळले की शरीर सैल पडत नाही. त्याच दिवशी कोणी डबा वाटून खाल्ला, कोणी पाळी बदलून दिली, हे आठवले की ‘आपण एकटे नाही’ याची खात्री पटते. मात्र कृतज्ञता हे औषध नव्हे. तिचा परिणाम माफक असतो. उदासी, निद्रानाश किंवा रक्तदाब असल्यास डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आणि यंत्राला सुरक्षाजाळी नसेल, तर वही लिहून बोटे वाचत नाहीत. तेथे संघटितपणे मागणीच करावी लागते.

४. घरी करावयाचा अभ्यास

(अ) झोपण्यापूर्वी दिवसातील तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात. प्रत्येकीपुढे ती कोणामुळे घडली तेही लिहावे.

(आ) आठवड्यातून एकदा त्यांपैकी एका व्यक्तीला समक्ष भेटून सांगावे. हीच कतवेदिता. विद्यार्थ्यांनी सुरुवात घरापासून करावी. तुमच्या फीसाठी वडिलांनी किती ओव्हरटाइम केला, आईने कोठे काटकसर केली, हे एकदा विचारून पाहा.

(इ) वहीच्या शेवटच्या पानावर आपल्यावर झालेला अन्यायही लिहावा व त्यावर काय करावयाचे तेही लिहावे.

(ई) महिन्यातून एकदा आपण स्वतः ‘पहिला उपकार करणारा’ व्हावे. शेजारच्या मुलाची शिकवणी घ्यावी, रक्तदान करावे किंवा नव्याने शहरात आलेल्या बांधवाला खोली शोधून द्यावी.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दुष्काळात गाव सोडून या पट्ट्यात आले. त्यांना कोणीतरी पहिली रात्र आपल्या खोलीत झोपू दिले होते. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल, तर आजच घरी जाऊन विचारावे. वहीतील पहिली ओळ तीच असू द्या.